म्यानात रुसलेली लुझेंता

सगळ्याचं मूळ होतं बदकाची चरबी.

तलवारीला गंज चढू नये म्हणून हिवाळ्यात पात्याला चरबी चोळून ठेवायची असते, हे गोसेल्म सरदाराला चांगलं ठाऊक होतं. पण चरबी होती बायकोच्या ताब्यात. आझालाईसकडे चरबी मागण्यापेक्षा लढाईवर जाणं सोपं (तिथे निदान चिलखत तरी घालता येतं). मागच्या हिवाळ्यात त्याने मागून पाहिली होती. "तुमची तलवार चरबी खाणार, मग पोरांनी काय गंज चाटायचा?" असं उत्तर मिळालं होतं.

या खेपेला त्याने बाणेदारपणा दाखवला. तळघरात उतरला, दारूच्या पिंपांच्या फटी बुजवायची राळ होती ती पातळ केली आणि पात्याला सढळ हाताने फासली. राळेतून दारू बाहेर येत नाही, तर गंज आत कसा जाईल? विचारात खोट नव्हती. तलवार म्यानात गेलीसुद्धा अगदी झोकात.

बाहेर मात्र येईना.

त्याने म्यानावर पाय देऊन ओढली. मूठ दाराच्या कडीला बांधून ओढली, तर कडीच हातात आली. शेवटी त्याने तिला खुंटीला लटकवलं आणि मनाशी म्हणाला, थंडीचे दिवस आहेत, आत्ता कोण येतंय लढायला!

लढायला कोणी आलं नाही. जेवायला मुलखाचे धनी काउंटसाहेब आले, बाकीच्या सरदारांना घेऊन.

त्यांना नदीवरच्या दगडी पुलाला नवा रखवालदार नेमायचा होता. रखवालदाराला पुलाच्या तोंडाशी ऐसपैस घर, छप्पर न गळणारं. गोसेल्मच्या बुरुजात पाऊस बाहेर थांबला तरी आत अर्धा दिवस चालू असे. लग्नात त्याने आझालाईसला कोरड्या अंथरुणाचं वचन दिलं होतं, आणि आता थोरल्या पोरीच्या लग्नाची बोलणी निघाली होती. ही नेमणूक मिळाली नाही तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

पण आधी रिवाज. त्या मुलखात सरदार जेवायला बसले की प्रत्येकाने आपली तलवार उपसायची, तिचं नाव, कूळ आणि पराक्रम सांगायचा, आणि नंगी तलवार मेजावर ठेवायची. त्याशिवाय भाकरी मोडत नाहीत. पहिला उठला फोल्के सरदार. त्याच्या तलवारीने म्हणे एका घावात शिरस्त्राण, शत्रू, खोगीर आणि घोडा असे उभे चिरले होते आणि वर ती जमिनीत घुसली होती (दर वर्षी थोडी जास्त घुसते).

"आता तू, गोसेल्म," काउंटसाहेब म्हणाले.

गोसेल्म उठला. "सरकार, हिचं नाव लुझेंता, म्हणजे झळझळती. मुठीत संताचा दात आहे." (आझालाईसच्या मते बोकडाचा.) "पण ही… ही कुणाच्याही हाताने बाहेर येत नाही. जो या मुलखातला सर्वांत सच्चा आणि शूर, त्यालाच वश होते."

बोलून गेला आणि स्वतःवरच खूश झाला. काय सुचलं ऐन वेळी!

काउंटसाहेबांचे डोळे चमकले. ताडकन उठून त्यांनी मुठीतल्या दातावर हात ठेवला. "या दाताची शपथ! जो हिला उपसेल, पूल त्याचा!"

झालं. सगळे सरदार बाह्या सरसावून पुढे आले. फोल्केने तर इतका जोर लावला की लुझेंता राहिली जागेवर आणि तोच बाकावरून उलटा पडला. गोसेल्म मिशीत हसत होता.

"वा! खरीच दैवी तलवार!" काउंटसाहेब म्हणाले. "आता तू उपस."

"मी?"

"मग काय मी? तलवार तुझी ना?"

आपणच खणलेल्या खड्ड्याची खोली गोसेल्मला आत्ता कळली. डोळे मिटून, सगळे संत आठवून त्याने हिसका दिला. तलवार ढिम्म.

"म्हणजे," काउंटसाहेब सावकाश म्हणाले, "तुझी स्वतःचीच तलवार तुला सच्चा मानत नाही? आणि मी तुझ्या हाती पूल देऊ?"

तेवढ्यात आझालाईस ताटं घेऊन आली. "ओढाओढी झाली असेल तर जेवायला बसा. बदक तयार होतंय आणि इथे ताट ठेवायला जागा नाही." लुझेंता काखेत मारून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने ती चुलीशेजारी टेकवून ठेवली.

गोसेल्मच्या समोर काउंटसाहेब आणि फोल्के पुलाबद्दल हलक्या आवाजात बोलू लागले. कोरडं अंथरूण हातचं चाललं होतं.

मग आझालाईस भाजलेलं बदक घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात लुझेंता होती. नंगी!

"सुरी सापडेना, म्हटलं ही तरी कधी कामाला येणार," असं म्हणत तिने काउंटसाहेबांसमोर बदकाचे दोन तुकडे केले. "जरा चिकट लागतेय."

सगळे उभे राहिले. काउंटसाहेबांनी तर चक्क गुडघा टेकला. "बाई, शपथ म्हणजे शपथ. पूल तुमचा!"

"राळ!" गोसेल्म ओरडला. "सरकार, ती राळ होती! मीच फासली होती, चुलीच्या धगीने वितळली! तलवारीत काही दैवी नाही, मी खोटं बोललो!"

सबंध दुपारभरात त्याने उच्चारलेलं हे पहिलंच खरं वाक्य.

काउंटसाहेबांनी त्याच्याकडे कीव करत पाहिलं. "शोभतं का हे, गोसेल्म? बायकोचं भाग्य उजळलं तर इतकी जळजळ? आणि तीही संताच्या दाताला खोटं पाडून?"

"जाऊ द्या सरकार," आझालाईस मायेने म्हणाली. "मनाने वाईट नाहीत हो ते. माझ्या हाताखाली पुलावर ठेवून घेईन."

"रखवाली जमेल त्याला?"

तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जमेल की. दांडकं देऊ, म्हणजे काही उपसायला नको."