गोजराची रेघ

सोमवारी सकाळी निवारपूरच्या रक्षाशाळेच्या फाटकाने वेणूबाई ठोंबरे यांना आत सोडलं नाही. फाटक सताड उघडं होतं. त्यातून मुलं आत गेली, मुख्याध्यापक रणपिसे सर गेले, स्वयंपाकघरातल्या कोंबड्या तर जाऊन परतही आल्या. वेणूबाईंनी पाऊल उचललं आणि ते उंबऱ्यावर हवेतच अडलं.

उंबऱ्यावर राखेची रेघ होती. निवारपुरात याचं कोणाला नवल नाही. गावामागच्या डोंगरावरून लांडगे उतरतात. कधी नुसत्या हाका उतरतात आणि चांगली शहाणीसुरती माणसं त्यांच्यामागे चालू लागतात. म्हणून तिथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी राखेची रेघ ओढायला शिकवतात. ओढणाऱ्याला ज्याची भीती, ते रेघेपलीकडे थांबतं. बाकीच्यांना ती नुसती राख. ही विद्या वेणूबाई कित्येक वर्षं शिकवत आल्या होत्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या भरवशावर अर्धं गाव निवांत झोपत होतं.

रणपिसे सर शिस्तीचे. बाईंबरोबर काहीतरी बाधक वस्तू आली असावी, असं ठरवून त्यांनी रीतसर तपास सुरू केला. आधी छत्री मागितली. छत्री आत आली. मग पिशवी आली, डबा आला, चष्मा आला, शेवटी चपलाही आल्या. एव्हाना सगळी शाळा फाटकाशी गोळा झाली होती. बाईंचं सामान शाळेत पोचलं आणि बाई अनवाणी, मिचमिच्या डोळ्यांनी रस्त्यावर उभ्या राहिल्या.

“म्हणजे आता बाईच उरल्या,” शिपाई हैबती म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

खरं तर वेणूबाईंना छत्री देण्याआधीच कळलं होतं. रेघ मधल्या भागात थरथरत गेली होती आणि शेवटाला तिने भलतीकडेच वळण घेतलं होतं. अशी रेघ शाळेत एकच मुलगी ओढायची. तरी बाई गप्प राहिल्या. सरांनी डबा उघडून भाजीचा वास घेतला, तोही घेऊ दिला. आता त्याचीही लाज वाटायला लागली होती.

शनिवारी त्यांनी गोजरा काळोखेला वर्गापुढे रेघ ओढायला लावली होती. गोजराचा हात कापायचा. रेघ झाल्यावर बाईंनी पलीकडून एक कोंबडी सोडली आणि हिला अडवून दाखव म्हणाल्या. कोंबडीला घाबरतंय कोण, हे निदान बाईंच्या ध्यानात यायला हवं होतं. कोंबडी रेघेवरून रमतगमत इकडे आली. “तुझ्या रेघेला कोंबडीसुद्धा भीक घालत नाही,” बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण वर्ग हसतोय म्हटल्यावर बाईंना चेव आला, आणि त्यांनी ती कोंबडी उचलून पुन्हा पलीकडे सोडली. ती दुसरी खेप आठवून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सरांनाही वळण ओळखू आलं. गोजराला पुढे बोलावलं. ती भेदरतच आली.

“मी बाईंना मनात धरलं नव्हतं, सर,” ती म्हणाली. “मला ज्याची भीती वाटते ते आत येऊ नये, एवढंच म्हटलं. मला वाटलं, लांडगाच असणार.”

वेणूबाईंना वाटलं, चष्मा आत गेला ते बरंच झालं.

सरांनी नियम सांगितला. परीक्षा न झालेली रेघ कच्ची, ती केरसुणीने झाडता येते. परीक्षा होऊन पक्की ठरली, की ओढणाऱ्याची भीती जाईपर्यंत ती कशानेही पुसत नाही. परीक्षेचा अधिकार शाळेत फक्त वेणूबाईंचा. तेव्हा पोरखेळ समजून झाडून टाकू, म्हणजे बाईंचा तासही बुडणार नाही, असं म्हणत त्यांनी केरसुणी मागवली. ती गोजरानेच हैबतीच्या हातून घेतली आणि खाली वाकली. आपली रेघ आपण झाडायची तिला सवयच होती.

एक फटकारा, की बाई आत. चष्मा, खुर्ची, हातात खडू. पुन्हा कोणी विषय काढला नसता. वेणूबाईंना ते मनापासून हवं होतं.

“ठेव ती केरसुणी,” त्या म्हणाल्या. “मी परीक्षा घेते.”

“बाई, विचार करा,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “ती पास झाली, तर तुम्ही कायमच्या बाहेर.”

परीक्षकाने उगीच ढोंग करायचं नाही, पुरता जोर लावायचा, असा दंडक आहे. वेणूबाईंनी पदर खोचला. आधी हाताने रेटलं, मग खांद्याने. शेवटी मागे जाऊन त्या धावत आल्या आणि अख्ख्या शाळेदेखत फुफाट्यात बसल्या. कोणीतरी फिसकन हसलं. गोजरा हसली नाही.

“पक्की आहे,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “गोजरा काळोखे, उत्तीर्ण. हात कापला म्हणून रेघेचं काही बिघडत नाही. हे मी शनिवारी सांगायला हवं होतं.”

गोजराने केरसुणी हैबतीला परत दिली आणि ती हात धुवायला गेली.

तेव्हापासून वेणूबाईंचा वर्ग रस्त्यापलीकडे करंजाखाली भरतो. मुलं बाहेर येऊन बसतात. गोजरा उंबऱ्याच्या आत बसते, तिथून तिला ऐकू जातं. रोज सकाळी बाई फाटकाशी येऊन पाऊल पुढे टाकून बघतात. ते अडतं. मग “आहे,” एवढंच म्हणून त्या करंजाखाली जातात आणि आत गोजरा दप्तर उघडते.

थंडीच्या दिवसांत राजधानीहून तपासनीस आले. शाळेतली सर्वांत मजबूत रेघ कुठली, असं त्यांनी विचारलं. रणपिसे सरांनी फाटकाकडे बोट दाखवलं. तपासनिसांनी ती दोन्ही बाजूंनी ओलांडून पाहिली, वाकून राखेला बोट लावलं आणि ही नेमकी कशापासून रक्षण करते, असं गोळा झालेल्या मुलांना विचारलं.

मुलं खाली बघू लागली. काहींनी गोजराकडे पाहिलं.

रस्त्यापलीकडे, करंजाखालून, वेणूबाईंनी हात वर केला.