गुरुजींची सायकल आणि गुंडाचा भागाकार

विश्रामबागच्या शिक्षक-शिबिरातून कृष्णात गुरुजी मेढ्याजवळच्या आपल्या शाळेत परतले, ते नवा नियम घेऊनच. वर्गात कुणी ‘येत नाही’ म्हणायचं नाही, ‘अजून येत नाही’ म्हणायचं. नियम मुलांइतकाच गुरुजींनाही लागू.

पहिल्याच तासाला गुंडा नावाच्या मुलाला भागाकार अजून येत नव्हता.

“शिकशील. चुका करत शिकायचं,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, तुमाला सायकल येती का?” गुंडाने विचारलं.

गुरुजी चालत शाळेत येतात, हे गावाला ठाऊक होतं.

“अजून येत नाही.”

“मग तुमी सायकल शिका, मी भागाकार शिकतो.”

वर्गातल्या झुबेदाच्या अब्बांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती एक सायकल घेऊन मैदानावर येई. मागून सगळा वर्ग येई. गुरुजी पडले की मुलं त्यांच्याच आवाजात म्हणत, “छान. कालच्यापेक्षा कमी वेळा पडलात.”

शनिवारी तोल साधला. मुलांनी कॅरिअर सोडलं आणि सायकल शाळेच्या उताराला लागली. ब्रेकचा धडा व्हायचा होता. उताराच्या तळाशी हेडमास्तर लालासाहेबांचं अंगण होतं आणि अंगणात त्यांच्या पत्नी रंगूबाईंचे पापड वाळत होते. गुरुजी पापडांवरून गेले आणि तुळशीजवळ आडवे झाले.

हेडमास्तर बाहेर आले. “अहो, सायकल चालवता येत नाही, तर बसता कशाला?”

“चालवता येते, सर. थांबवता अजून येत नाही.”

रंगूबाई चुरा गोळा करत होत्या. “आवं गुरुजी, सायकलचं ऱ्हाऊ द्या. पापडांचं काय?”

“भरून दिले असते, वहिनी. पण मला लाटता येत नाहीत.”

धापा टाकत पोचलेला वर्ग एका सुरात म्हणाला, “अजून.”

“मग उद्या सकाळी या,” रंगूबाई म्हणाल्या. “पीठ मळून ठेवते.”

रविवारी गुरुजींनी पापड लाटले. पहिले दोन नकाशासारखे झाले. हेडमास्तर खुर्चीत बसून हसत होते. थोड्या वेळाने रंगूबाईंनी त्यांच्याही हातात लाटणं दिलं.

सोमवारी गुंडाने पाटी पुढे केली. भागाकार बरोबर होता. बाकीसुद्धा बरोबर. गुरुजींना इतका आनंद झाला, की दुखरा गुडघा विसरून ते उठून उभे राहिले.

“आता अपूर्णांक शिकणार,” गुंडा म्हणाला. “पर गुरुजी, तुमाला पवायला येतंय का? आमची हीर लय खोल हाय.”

गुरुजींनी फळा पुसायला घेतला. तो आधीच कोरा होता.