धीराचा टाइप

वाईट बातमीने माणूस घाबरतो ही समजूत चुकीची आहे. तो घाबरतो तो वाईट छपाईने. हे सत्य चंडीगढमधल्या एका सरकारी प्रसिद्धी कार्यालयाला १९८७च्या सुमारास उमगलं, आणि त्याचं श्रेय मूळच्या साताऱ्याच्या विश्वनाथराव ओगल्यांना जातं.

तेव्हा पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळीबार व्हायचा. रोज संध्याकाळी कार्यालय त्याचं इंग्रजी पत्रक काढायचं, आणि ते वाचून लोक दुकानांची शटरं ओढायचे. विश्वनाथरावांनी निदान केलं, की दोष गोळ्यांचा नसून टाइपाचा आहे. असली उघडीबोडकी, ठळक अक्षरं बघून कुणाचंही काळीज लटपटणारच! त्यापेक्षा जुन्या ग्रंथांतला टाइप घ्यावा, ज्याच्या प्रत्येक अक्षराला खाली-वर इवलेसे पाय असतात (त्यांना सेरिफ म्हणतात). पाय रोवून उभं राहिलेलं अक्षर वाचणाऱ्याला धीर देतं. समिती नेमली गेली, ती कलकत्त्याला जाऊन टाइप पाहून आली (सहकुटुंब), आणि प्रस्ताव मंजूर झाला.

काय सांगावा त्याचा गुण! पाहणीत शंभरातल्या एक्क्याऐंशी वाचकांना परिस्थिती नियंत्रणात वाटली. (उरलेल्या एकोणीस जणांनी दारच उघडलं नाही.) एका निवृत्त न्यायाधीशांनी कळवलं, की पत्रक वाचलं की छान झोप लागते. एका बसमधून सात जणांना उतरवून मारलं, त्या दिवशीच्या पत्रकाचा समास तर असा काही साधला होता, की दिल्लीहून शाबासकी आली.

एका शनिवारी विश्वनाथराव जेवायला घरी आले, तेव्हा सुनंदाबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, विनया लुधियान्याहून संध्याकाळच्या बसनं निघणारे. हॉस्टेलवर ट्रंक कॉल लावून थांबवू का तिला?"

"हे कालचं पत्रक वाच. बघ तरी, काय सुरेख ओळ बसलीय!"

"ओळ घाला चुलीत! पोरीला येऊ देऊ का नको, ते सांगा."

विश्वनाथरावांनी पत्रक पुन्हा वाचलं. खरोखरच धीर आला.

"येऊ दे," ते म्हणाले.

बस वेळेवर आली नाही. विश्वनाथराव कार्यालयात धावले. टेलिप्रिंटरवर बिनपायांची, ओबडधोबड अक्षरं खडखडत होती: लुधियाना रस्ता, बस अडवली, नऊ ठार. इतक्यात घरून फोन आला.

"पापा, मेरी बस छूट गई थी," चंडीगढलाच वाढलेली विनया म्हणाली. "सहेली के डॅडी गाडी से छोड गए."

विश्वनाथराव टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मग त्यांनी तोंड धुतलं आणि त्या नऊ जणांचं पत्रक छापायला दिलं. टाइप नेहमीचाच. ओळ सुरेख बसली.

आता आपल्याविषयी. त्या सात जणांना आपण समासाच्या कौतुकासकट वाचून पुढे आलात, आणि आत्ता नऊ जणांच्या बातमीवर विनया वाचली म्हणून हुश्श केलंत. मराठी अक्षरांना तर पायही नसतात, बिचारी वरच्या रेघेला टांगलेली असतात. म्हणजे टाइपावरचा सगळा खर्च उगाचच झाला म्हणायचा.