आवडाबाईंनीं खंदक बुजविला त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. साहेबीं आज्ञा केली जे, आपले राज्यांत अन्नाची नासाडी कैसी बंद पडली तें लेहून पाठवावें. त्यास जैसी हकीकत घडली तैसी लिहिली असे.

शके सोळाशें अठ्ठ्याऐशीं, व्ययनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं राज्यांत आबादानी होती. सदरकचेरींत तीनशें कारकून दोनप्रहरीं सरकारी पंगतीस जेवीत, आणि त्या मुदपाकखान्याच्या मुख्य आवडाबाई. वीस वर्षें चुलीपाशीं उभ्या राहून हात पोळलेले, बोलणें थोडें, परंतु शीत दाबून भात झाला म्हणतील तर तो झालाच. त्या काळीं रीत ऐसी कीं, पानांत ढीग पडावा आणि अर्धा ढीग तैसाच उठावा, ती सरकारची थोरवी. आणि रोज चार हारे, म्हणजे मोठ्या पाट्या, भरून भात मागील खंदकांत पडे, आणि खंदकाखालीं कोष्टीआळी, तेथें त्या सालीं माग बंद पडून लेंकरें एक वेळ जेवीत. एके दिवशीं आवडाबाई खंदकापाशीं गेल्या, तों आपण निवडिलेला आंबेमोहर आंबून पडला आहे आणि वर माशा घोंघावताहेत, ऐसें पाहोन बाईंस वाटलें, आपलीं वीस वर्षेंच येथें ओतलीं गेलीं.

मग बाई तशाच दिवाण खंडो गोपाळ यांचे सदरेस गेल्या आणि सारें निवेदन केलें. दिवाण भले गृहस्थ, परंतु अब्रूस फार जपत. त्यांणीं सांगितलें जे, भांडें रितें दिसलें तर परमुलखींचे लोक राज्य खंगलें म्हणतील. इतकेंच मनास लागत असेल तर पानांत उरतें तें कोष्टीआळींत वाटावें. तेव्हां बाई ताठ उभ्या राहिल्या आणि बोलल्या, "दिवाणसाहेब, उष्टें गुरांस घालीन, माणसांस घालणार नाहीं. त्यांस द्यायचें तर आपल्या पानांत वाढतों तेंच, झांकलेल्या भांड्यांतलें, ऊन ऊन." मग दिवाणांनीं पुसिलें, तुमचे मनांत काय आहे. आणि बाईंनीं सांगितलें जे, सकाळचे हजेरीस कोण जेवणार तें विचारावें आणि त्याच बेतानें, दुसरे वाढीपुरता थोडा वर धरून, तांदूळ वैरावा, पहिली वाढ थोडी घालावी, मग मागेल त्यास मागेल तितकें द्यावें, आणि भांड्यांत उरेल तें पंगत उठतांच आळींत पोंचवावें. दिवाणांनीं पंधरा दिवसांची मुदत दिली आणि अट घातली जे, एक जरी माणूस अर्धपोटीं उठला तर बाईंनीं पळी कायमची खालीं ठेवावी. बाईंनीं मान्य केलें.

पहिले दिवशीं कारकुनांनीं नाकें मुरडलीं आणि सरकारचा हात आंखडला ऐसें बोलूं लागले. परंतु बाई स्वतां पंगतीमागें फिरत आणि एकेकास आग्रह करीत, आणि दुसरी वाढ वाफाळती येई, मग चौथे दिवशीं कुरकुर निवाली. आणि आळींत भांडीं गेलीं तेथें थोरल्या कोष्टीणबाईंनीं आमटी चाखून मीठ किंचित कमी आहे ऐसें सांगितलें, आणि आवडाबाईंस तो मोठा मान वाटला. कां जे, भीक म्हणोन घेणारा मिठाचें बोलत नाहीं.

तेरावे दिवशीं पंगत उठली, भांडीं आळींत गेलीं, आणि इतक्यांत शेजारील राज्याचे वकील गिरमाजीराव वर्दी न देतां चाळीस स्वारांनिशीं दाखल जाहाले. दिवाणांचा चेहरा उतरला. त्यांणीं भांडीं माघारीं आणा म्हणोन हुकूम केला, आणि बाई वाटेंत आडव्या राहिल्या. "पानांवर बसलेल्यांपुढून काढून आणायचें नाहीं," त्या म्हणाल्या. "दोन घटका द्या, नाहीं तर ही पळी घ्या." दिवाणांनीं पळी घेतली नाहीं, दोन घटका दिल्या. मग साऱ्या चुली पेटल्या, आणि आचारी भाकऱ्या थापूं लागले, आणि बाईंनीं स्वहस्तें पिठलें घोटलें, एक गुठळी पडूं दिली नाहीं. वकील वाट पाहून मुदपाकखान्यांत आले आणि भांडीं रितीं कां ऐसें पुसिलें. तेव्हां दिवाणांनीं लाज सोडून खरें तेंच सांगितलें आणि कोरडा पडलेला खंदकही दाखविला. मग वकील तेथेंच चुलीपुढें पाट मांडून बसले आणि तीन भाकऱ्या जेवले, आणि चाळीस स्वार तृप्त होऊन उठले. हात धुतांना वकील हळूच म्हणाले, "आमचे येथें ऐसे खंदक दोन आहेत." आणि बाईंस आपले राज्यांत येण्याविशीं विनविलें. दिवाण घाबरले, परंतु बाई म्हणाल्या, "माझें येणें व्हायचें नाहीं. आपले आचारी इकडे धाडावे, शिकवीन."

मुदत संपण्यास दोन दिवस होते, परंतु दिवाणांनीं त्याच सायंकाळीं खंदक मातीनें भरविला आणि पहिलें घमेलें आपण टाकलें.

सारांश, त्या सालीं लढाई जाहाली नाहीं, मुलूख वाढला नाहीं. परंतु परराज्याचे बारा आचारी आमचे दारीं येऊन भात किती वैरावा तें शिकोन गेले, आणि आमचा माणूस कोठेंही गेला तरी आपण आवडाबाईंचे पंगतीस जेवलों ऐसें मान वर करून सांगतो. लिहिणें इतकेंच होतें, तें लिहिलें.