एक चादर आणि देशाचा वारा

बायको परत यायला सव्वीस दिवस उरले होते आणि आराखडेबुवांना काही केल्या धीर धरवत नव्हता. कचेरीत त्यांचं हेच नाव पडलं होतं. देशाला पुढची तीस वर्षं वीज कुठून मिळणार, सूर्याकडून किती, पाण्याकडून किती, याचा आराखडा बुवा सहा वर्षं करत होते. त्यातलं वाऱ्याचं पान तेवढं कोरं होतं. ते भरायला दूरच्या एका उघड्या टेकडीवर वारा मोजायचं केंद्र निघालं आणि तिथे नेमणूक झाली कोणाची? तर बुवांच्याच इंजिनियर बायकोची.

नियम असा, की वारा सलग वर्षभर मोजायचा. एक दिवस निसटला, तरी मोजणी पहिल्यापासून. हा नियम बुवांनीच केला होता, लग्नाआधी. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच! अकरा महिने झाले तरी सकाळी दोन कप काढायची सवय सुटत नव्हती. संध्याकाळी तिचा फोन यायचा, पण त्यात तिच्यापेक्षा वाराच जास्त बोलायचा.

शेवटी एका शनिवारी बुवा बस धरून थेट टेकडीवर हजर झाले.

"अरे, तू? सव्वीस दिवस राहिले होते फक्त!"

"फक्त म्हणे! तू ये आणि त्या रिकाम्या घरात राहून बघ."

ती हसली आणि बॅटऱ्या आणायला खाली गावात गेली. तेवढ्यात बुवांना काही तरी करून दाखवायची हुक्की आली. त्यांनी तिची चादर धुतली. आता वाळत कुठे घालायची? दुसरा कोणी असता तर कुंपणावर टाकून मोकळा झाला असता. पण बुवा पडले तज्ज्ञ. जितकं उंच जावं तितका वारा जास्त, हे त्यांनीच आराखड्यात लिहिलं होतं. वारा मोजायचं यंत्र उंच खांबावर चढवायच्या दोरीला त्यांनी चादर बांधली आणि खांबाच्या टोकापर्यंत सरसर ओढली.

चादर फडफडली, फुगली आणि वारा मोजणाऱ्या वाट्यांना अशी घट्ट बिलगली, की दोरीही अडकून बसली. वारा एवढा, की खांबावर चढायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा जरा उतरला, तेव्हा बायकोने स्वतः चढून चादर सोडवली. तोवर बाहेर कौलं उडायची वेळ आली होती आणि यंत्र म्हणत होतं, वारा शून्य.

नोंदवही उघडून दोघं बसली.

"वारा पडला होता, असं लिही ना," बुवा हळूच म्हणाले. "मोजणी तुटणार नाही. तू घरी येशील."

"आणि त्या खोट्या शून्यावर उद्या देशाने भरवसा ठेवायचा?"

"एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"मग नियम कशाला केलास रे?"

बुवा चादरीची घडी घालू लागले. तिने पेन उघडलं. "मलाही यायचंय. मीही रोज बोटांवर दिवस मोजते. पण खोटं लिहून नाही यायचं मला." आणि अडथळ्याच्या कारणापुढे तिने एकच शब्द लिहिला: नवरा. नोंद तशीच कचेरीला गेली.

बुवांनी दोन दिवसांची रजा टाकली, कारण पाय निघेना. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. बुवांनी ते मोठ्याने वाचलं: "मोजणी पहिल्यापासून सुरू करावी. अडथळ्याचं कारण तज्ज्ञ असल्याने अधिक धोकादायक आहे. ते नजरेखाली राहावं, म्हणून त्याची बदली वर्षभरासाठी याच केंद्रावर करण्यात येत आहे. वाऱ्याचं पान त्याने तिथेच बसून लिहावं."

बायकोने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. वाऱ्याने पाणी येतं डोळ्यांना."

"खिडकी तर बंद आहे."

"असू दे बंद. तू गप्प बस आणि जरा जवळ ये."