मफलरग्रस्त

घोडबंदर रोडवर कर्ज काढलं की फ्लॅट मिळतो. पार्किंगला मात्र मागच्या जन्मीचं पुण्य लागतं. सुदेशकडे ते होतं. सोसायटीच्या इंधनबचत उपसमितीने ‘पंधराच्या खाली ॲव्हरेज देणाऱ्या गाडीचं पार्किंग रद्द’ असा ठराव केला, तेव्हा तो निवांत होता. त्याची गाडी सोळा द्यायची.

मग सायलेन्सर सडला. खोपटच्या राजरत्न मेकॅनिकने तात्पुरता दुसरा बसवला आणि ॲव्हरेज धाडकन तेरावर आलं.

“लोकल माल आहे, साहेब. आतून चिंचोळा. धूर निघतच नाही. नाक दाबून जिना चढ म्हटल्यासारखं झालंय इंजिनचं. ओरिजिनल पंधरा दिवसांनी येईल.”

तेवढ्या दिवसांची सवलत मागायला सुदेशने अर्ज केला. वजन पडावं म्हणून बिलावरचा भारी शब्द उचलला: ‘मफलर बदलल्यामुळे ॲव्हरेज घटले आहे.’

उपसमितीचे अध्यक्ष सीतारामकाका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज तीनदा वाचला.

“मफलर कोणी बदलला?”

“मेकॅनिकने.”

“गळ्यातला मफलर बदलायला मेकॅनिक? शीलावहिनी घरी नव्हत्या?”

“अहो काका, मफलर म्हणजे सायलेन्सर!”

“मग तसं लिहायचं होतं. आता इनवर्ड नंबर पडला. नंबर पडल्यावर शब्दाला हात लावता येत नाही. चाचणी घेऊ.”

मे महिना, भर दुपार. सुदेशच्या गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून गाडी मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये घातली. मागे काका आणि दोन सभासद, तेही मफलर बांधून. कारण चाचणी शास्त्रीय होती. एसी फुल. ॲव्हरेज नऊ! येताना मफलर काढले, एसी बंद केला. तेरा.

“सिद्ध झालं,” सोसायटीच्या ऑफिसात परतल्यावर काका घाम पुसत म्हणाले. “गाडी मफलरग्रस्त आहे. सवलत मंजूर.”

सुदेश खुलासा करायला उठला, तर तिथे येऊन बसलेल्या बायकोने, शीलाने, त्याचा शर्ट ओढला. “पार्किंग वाचलं ना? मग गप बसा की!”

दुसऱ्या दिवशी परिपत्रक लागलं: मफलरग्रस्त वाहनांस पार्किंगमध्ये प्राधान्य, कारण अशी वाहने बाहेर जागा शोधत फिरल्यास इंधन आणखी जळेल. आठवड्यात चाळीस अर्ज पडले. खोटेपणा नको म्हणून ॲव्हरेज तेराच्या वर नसल्याचा पुरावा सक्तीचा झाला.

सोळाव्या दिवशी ओरिजिनल सायलेन्सर बसला. गाडी पुन्हा सोळा! सुदेश उड्या मारतच काकांकडे गेला.

“अरेरे,” काका हळहळले. “म्हणजे तुम्ही आता ग्रस्त नाही. प्राधान्य ग्रस्तांना, आणि ते चाळीस आहेत. उद्या जागा खाली करा.”

तो तसाच खोपटला पळाला. “राजरत्न, तो चिंचोळा परत लाव रे बाबा!”

“लाईनीत या, साहेब. सगळे तेच मागतायत. माल संपत आलाय.”

सुदेशने लाईन पाहिली. तिसऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘इंधन वाचवा, देश वाचवा’ असा हिरवागार स्टिकर होता. नंबर आम्ही इथे छापत नाही. गाडी तुमची आहे, तुम्हाला पाठ असेलच.