शेषरावांचा नसलेला बगीचा

रिकाम्या मैदानात सरळ चाललेला माणूस एकाएकी उजवीकडे वळला, कशाला तरी लांबून वळसा घालून पुन्हा आपल्या रेषेत आला, तर तो प्यालेला तरी असतो किंवा आमचे शेषराव तरी. शेषराव सुपारीलाही शिवत नसत. ते बगीच्यात फिरत असत. बगीचा अजून झालेला नव्हता, इतकंच.

आमचं गाव नांदुऱ्याच्या पुढचं, रेल्वेलाइनवरचं, कापसावर वाढत चाललेलं. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यामागं, म्हणजे जिनामागं, नगरपालिकेचं मैदान होतं. शेषराव त्या वॉर्डाचे मेंबर आणि माझे शेजारी. मी हायस्कुलात मास्तर. मैदानात बगीचा करावा आणि भोवती फिरायला वाट असावी, हा ठराव त्यांनी पहिल्याच बैठकीत मंजूर करून घेतला. ठराव मंजूर करायला पैसे लागत नाहीत. निधीचा कागद सरकारकडे गेला. पूर्वी आमचे कागद नागपुरात अडकत; महाराष्ट्र झाल्यापासून ते मुंबईत अडकू लागले. गावाला प्रगती जाणवली ती एवढीच.

शेषराव निधीसाठी थांबले नाहीत. चुन्याची फक्की टाकून त्यांनी वाट, गुलाबाचे ताटवे, कारंज्याचा हौद असं सगळं जमिनीवर आखलं. पहिल्याच वाऱ्यात चुना उडाला. शेषरावांच्या डोक्यातून काही उडालं नाही. सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन ते त्या वाटेनं फिरत आणि कुणी मैदान आडवं कापताना दिसला की लांबूनच ओरडत, "अबे, दिसत नाई काय तुले? हौदात जाऊन राह्यला ना!"

पिंपळगाव राजाहून कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन आलेला एक शेतकरी हे ऐकून खरोखरच धोतर वर धरून मागं सरला होता. मलाही त्यांनी सोडलं नाही. "मास्तर, तुम्ही तं शिकलेले ना जी. गुलाबातून काऊन येता?"

आधी लोक हसले. मग यांच्या तोंडी कोण लागेल म्हणून वळसा घालू लागले. मग कशासाठी घालतो तेही विसरले.

खरी अडचण आली ती बाकांची. आमच्याकडे देणगीदार मिळतो, पण त्याच्या वडिलांच्या नावासकट. अडत दुकानाचे मगनशेठ दोन बाक द्यायला तयार झाले आणि नकाशा बघून चमकले. शेषरावांनी दोन्ही बाक पाठीला पाठ लावून काढले होते.

"मले पाठीवर बाबूजींचं नाव कोरायचं हाय," शेठ म्हणाले. "पाठी एकमेकीले चिकटल्यावर नाव दिसन कोणाले? पालीले?"

"बाजूले कोरा."

"बाजूले मावत नाई. नावाच्या समोर रावसाहेब बी लावायचं हाय."

"मंग राहू द्या. बाक असेच राह्यतीन."

शेठ उठून गेले. मी म्हटलं, "अहो, एवढं काय अडलंय? पाठीला पाठ लावून बसतं तरी कोण?"

शेषरावांनी नकाशाची गुंडाळी केली. "बसतात जी कोणी कोणी," असं पुटपुटून ते हौदाला वळसा घालायला निघून गेले.

निधी आलाच नाही. मग नगरपालिकेच्या अध्यक्षांनी मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं मनावर घेतलं. जागा बघायला सगळे मेंबर आले, मागून आम्ही बघे. शेषराव मैदानाच्या पार टोकाला उभे होते. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता.

अध्यक्ष हात पसरून बोलत पुढं चालले होते. "हाय काय इथं? निव्वळ मोकळी जमीन!" आणि बोलता बोलता ते उजवीकडे वळले. त्यांच्यामागं सगळी नगरपालिका वळली आणि मोठा वळसा घालून पुन्हा सरळ झाली.

सगळे टोकाशी पोचल्यावर शेषराव हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मोकळ्या जमिनीत एवढे वाकडे काऊन चालले?"

अध्यक्षांनी मागं पाहिलं. गावाच्या पायांनी तुडवून पांढरी झालेली वाट नकाशाबरहुकूम वळत गेली होती. "सवय, दुसरं काय," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. गाळ्यांचा विषय पुढल्या बैठकीवर गेला. पुढल्या बैठकीवर गेलेला विषय आमच्याकडे परत येत नाही.

कारंजं झालं नाही. लावलेले गुलाब शेळ्यांनी खाल्ले. पण वाटेवर मुरूम पडला, कडेला निंब लागले आणि शेषरावांनी स्वतःच्या खर्चानं फरशीचे दोन बिननावाचे बाक बसवले. पाठीला पाठ.

त्यांच्या पत्नी यमुनाबाई संग्रामपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी मोकळ्या शेतात वाढलेल्या. लग्नानंतर त्या बाजारगल्लीतल्या घरात आल्या. त्या घराची एकुलती एक खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते. घरंदाज बाईनं देवळाखेरीज कुठं जायचं नाही, आणि चारचौघांत नवऱ्याशेजारी बसणं तर आमच्या गावात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्या वाटेनं येत होतो. एका बाकावर शेषराव, हनुवटीखाली काठी धरून, तोंड गावाकडे. दुसऱ्यावर यमुनाबाई, डोक्यावर पदर, तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे. बघणाऱ्यानं म्हणावं, दोन अनोळखी माणसं.

"दिसते काय आज डोंगर?" शेषरावांनी जिनाच्या धुराड्याकडे बघतच विचारलं.

"दिसते ना," पाठीमागून आवाज आला. "निळा निळा दिसून राह्यला."

"मंग बस अजून. घाई नाई."

मला सरळ पुढं जायचं होतं. मी त्या दोन बाकांना लांबून वळसा घातला.